फिल्मवरची अलाबला

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते, आणि खरं सांगायचं तर हसण्यासाठीच वाचते. नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे आणि मग आम्ही दोघांनी मिळून निकाल लावायचा... हा दमला होता, हा प्यायला होता, हिला पित्त झालं होतं. भुताखेतांवर माझा तेव्हाही विश्वास नव्हता, आजही नाही. मी जे लिहितेय त्यात भूत नाहीच आहे. तरीही हसायची पाळी आता तुमची आहे, आणि हसलात तर मला राग येणार नाही.

मी रेडिओलॉजिस्ट. म्हणजे एक्स-रे बघून आत काय दिसतं ते सांगणारी डॉक्टर. सत्तरच्या दशकात लग्न होऊन नाशिकला आले आणि द्वारका चौकाच्या अलीकडे, तळमजल्यावर दोन खोल्या घेऊन क्लिनिक टाकलं. शेजारी ट्रान्सपोर्टचं ऑफिस होतं. बाहेर ट्रक सुरू झाला की माझ्या व्ह्यू-बॉक्सची काच थरथरायची. व्ह्यू-बॉक्स म्हणजे मागे ट्यूबलाइट असलेली पांढरी काच, तिच्यावर फिल्म लावून बघायची. स्वभावाने मी पहिल्यापासून फटकळ. नातेवाइकांची गर्दी, अंगारे, ताईत, लिंबू-मिरच्या यांना माझ्या एक्स-रेच्या खोलीत थारा नव्हता. गळ्यातला ताईत फिल्मवर पांढरा उमटतो आणि फिल्म वाया जाते, हे माझं त्यामागचं अध्यात्म.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. गांगुर्डे गुरुजी त्यांच्या मुलीला घेऊन आले. गुरुजी नाशिकरोडच्या एका शाळेत शिक्षक, शांत आणि वाचणारा माणूस. मुलगी सुजाता, सतरा वर्षांची, बारावी सायन्सला. चिठ्ठीवर फिजिशियनने लिहिलं होतं की उजव्या हाताची बोटं आपोआप उडतात, मग हात उडतो, आणि मग ती बेशुद्ध पडते. प्रॅक्टिकलच्या वेळी हातातली परीक्षानळी फुटून ती वर्गात कोसळली होती.

त्यांच्याबरोबर एक बाई होती. नऊवारी, काटक, हाताला कांद्याचा वास. ही गयाबाई, गुरुजींची थोरली बहीण, सुजाताची आत्या. सुजाताची आई ती लहान असतानाच वारली. गयाबाईला नवरा नव्हता, मूल नव्हतं. चांदवडला कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जायची, ते सोडून ती भाचीसाठी इकडे येऊन राहिली. सुजाताला वाढवलं ते तिनंच.

मी सुजाताला टेबलावर झोपवलं, डोकं नीट धरलं, आणि 'बाहेर व्हा सगळे' म्हणणार तेवढ्यात गयाबाई पुढे झाली. दोन्ही हात पोरीच्या डोक्यावरून, गालांवरून खाली फिरवले आणि स्वतःच्या दोन्ही कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. अलाबला घेतली. लेकराची इडापीडा ओढून आपल्या अंगावर घ्यायची, हा त्यातला भाव.

"आक्का, हे काय?" गुरुजी ओशाळून म्हणाले. "दीक्षा घेतल्यापासून आपण हे सगळं सोडलंय ना?"

"देव सोडले रे बाबा," गयाबाई म्हणाली, "लेकरू कुठं सोडलंय?"

मला हसू आलं. मी तिला बाहेर काढलं.

एक्स-रेत काहीच सापडलं नाही. साध्या एक्स-रेत हाड दिसतं, मेंदू दिसत नाही. पण फिट एकाच हातापासून सुरू होते म्हटल्यावर मेंदूच्या एकाच बाजूला काहीतरी बसलंय, हे उघड होतं. त्या वेळी नाशिकला सीटी स्कॅन नव्हता. मी गुरुजींना मुंबईची चिठ्ठी दिली.

आठवड्याभराने तिघं परत आले, फिल्मचा मोठा पिवळा लिफाफा घेऊन. तिथला रिपोर्ट इंग्रजीत होता आणि तिथल्या सर्जनने उभ्या उभ्या काहीतरी सांगितलं होतं. गुरुजींना ते नीट समजून घ्यायचं होतं. मी फिल्म लावली.

एका फिल्मवर मेंदूचे पुष्कळसे काप होते, खालून वरपर्यंत. आणि त्यात गाठी होत्या. काळसर मेंदूत पांढऱ्या कड्या उमटल्या होत्या. एक लहान, वरच्या कापात. आणि तिच्याखाली दोन एकमेकींना चिकटलेल्या, बांगड्या एकीत एक अडकाव्यात तशा. भोवती सूज. घरी माझीही मुलगी होती, सुजाताहून काही वर्षांनी लहान.

"ही डावी बाजू," मी गुरुजींना सांगितलं. त्यांचा चेहरा गोंधळलेला दिसला, कारण कड्या तर फिल्मच्या उजव्या अंगाला होत्या. मग त्यांना फिल्म वाचायची रीत समजावली. पेशंट उताणा झोपलाय आणि आपण त्याच्या पायांशी उभं राहून बघतोय, असं धरायचं. म्हणून त्याची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला येते. मेंदूची डावी बाजू उजवा हात चालवते, आणि बोलणंही बहुतेकांचं तिथूनच चालतं. गाठी टीबीच्या असतील किंवा जंताच्या, औषध सुरू करायचं. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन. वाढल्या असतील तर कवटी उघडावी लागेल, आणि त्यात हात किंवा बोलणं जायचा धोका आहे.

सुजाता बाहेर बाकावर बसली होती. गयाबाई मात्र आत होती आणि आमच्या रीतीभातीकडे तिचं लक्षच नव्हतं. ती फिल्मकडे एकटक बघत होती.

"कुठं कुठं हायेत ते, दावा ना मला," ती म्हणाली.

मी पेन्सिलीने दाखवलं. ही एक, या दोन.

"एवढंच ना? अजून कुठं नाय ना?"

"एवढंच."

गयाबाईने उजव्या हाताचं बोट त्या लहान कडीवर ठेवलं. क्षणभर दाबून धरलं. मग ते बोट उचलून स्वतःच्या उजव्या कानशिलावर नेलं आणि मोडलं. मग दुसरी कडी... मग तिसरी. प्रत्येक वेळी फिल्मवर बोट, आणि प्रत्येक वेळी उजवं कानशील. ओठ हलत होते, पण शब्द ऐकू आले नाहीत. एरवी मी फिल्मला कुणाला बोट लावू देत नाही. त्या दिवशी मी काही बोलले नाही, कारण तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फक्त मनात आलं, बिचारीनं चुकीची बाजू धरली. फिल्मवर उजवीकडे दिसलं म्हणून उजव्या कानशिलावर घेतलं.

गुरुजींनी मान खाली घातली होती. या वेळी त्यांनी बहिणीला अडवलं नाही.

सुजाताला औषधं लागू पडली. आधी फिट थांबल्या, मग बोटं उडायची थांबली. काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला स्कॅन झाला आणि गुरुजी तो लिफाफा घेऊन अक्षरशः पळत माझ्याकडे आले. मेंदू स्वच्छ. कडी नाही, सूज नाही, डाग नाही. फिटच्या गोळ्या तेवढ्या अजून काही वर्षं घ्यायच्या होत्या. त्याचं मला आश्चर्य वाटलं, पण भीती नाही वाटली. पुढे कळलं की आपल्याकडच्या तरुण पेशंटमध्ये अशा गाठी पुष्कळदा विरघळून जातात. तेव्हा एवढंच वाटलं, पोर वाचली. त्या दिवशी क्लिनिकमध्ये सगळ्यांना पेढे मिळाले.

पेढ्यांच्या वेळी गयाबाई आली नव्हती. ती आली त्यानंतर, पावसाळा संपता संपता. गुरुजींनी तिला धरून आणलं होतं. दळण निवडत बसली असताना तिच्या हातातलं सूप उडालं होतं आणि ती अंगणात आडवी झाली होती. खोदून विचारल्यावर कबूल केलं, हात बऱ्याच दिवसांपासून उडतोय. लपवत होती.

"कोणता हात?" मी विचारलं.

"डावा," ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. मला ते हसणं मुळीच आवडलं नाही.

मी स्वतःला समजावलं. एकाच घरातली माणसं, एकच पाणी, एकच भाजी. जंताची अंडी दोघींच्याही पोटात गेली असतील. यात नवल काय? तिलाही मुंबईला पाठवलं.

तिची फिल्म आली तेव्हा दुपारची वेळ होती आणि मी एकटीच होते. लिफाफा गुरुजी ठेवून गेले होते. फिल्म लावली. कड्या होत्या. फिल्मच्या डाव्या अंगाला, म्हणजे मेंदूच्या उजव्या बाजूला. डावा हात उडतो म्हणजे असंच हवं. एक लहान, वर. खाली दोन चिकटलेल्या.

सुजाताची जुनी फिल्म गुरुजींनी माझ्याकडेच ठेवली होती. ती काढून शेजारी लावली. एकीत कड्या उजवीकडे, दुसरीत डावीकडे. साम्य वाटत होतं, पण साम्य काय, वाटायला कशातही वाटतं. मी वैतागून गयाबाईची फिल्म खाली ओढली, आणि पुन्हा लावताना ती उलटी लागली. पाठची बाजू पुढे, नाव आरशात दिसावं तसं. ही चूक आमच्या धंद्यात रोज होते.

आणि मी तिथेच थांबले.

उलटी लावलेली गयाबाईची फिल्म आणि सुलटी लावलेली सुजाताची फिल्म यांत कड्या सारख्या होत्या. जागा, आकार, चिकटलेल्या दोन कड्यांमधला तो तिरपेपणा, सगळं. मी एकीवर एक धरून बघितल्या. कवट्या जुळत नव्हत्या, कड्या जुळत होत्या.

पहिला संशय अर्थात नावांची अदलाबदल झाल्याचा. नाही. वय वाढलं की मेंदू जरासा आक्रसतो, कडेच्या फटी रुंदावतात. ही फिल्म साठीकडे झुकलेल्या बाईचीच होती. बरं, बाजू चुकून उलटी छापली? मग डावा हात का उडतोय? मी खुर्ची ओढून बसले. मग गयाबाईचं ते बोट आठवलं. फिल्मवर उजवीकडे... आणि तिचं उजवं कानशील. माणसाच्या डोक्यातून रोग घेतला असता तर तो डावीकडे यायला हवा होता. तो उजवीकडे आला होता. म्हणजे तो फिल्म वाचायची रीत माहीत नसलेल्या बाईने, तिला दिसला तसा, चित्रातून घेतला होता. मी डॉक्टर आहे, हे वाक्य मी स्वतः लिहितेय यावर माझाच विश्वास बसत नाही.

मी कुणालाच काही बोलले नाही. मला काळजी औषधाची होती. सुजाता त्याच औषधाने बरी झाली होती, गयाबाईही होईल. फक्त गोळ्या घ्यायला हव्या होत्या. पण गयाबाईने साफ नकार दिला.

गुरुजी हात टेकून तिला माझ्याकडे घेऊन आले. "मॅडम, तुम्ही सांगा आता. माझं ऐकत नाही. रोज एक तरी झटका येतोय."

मी तिला समोर बसवलं. "गयाबाई, गोळ्या का घेत नाही?"

"म्या घ्येतलं ते," ती म्हणाली. "माझ्यापाशी हाय तवर पोरगी ठीक हाय. माझ्याकडून गेलं तर कुठं जाईल? जिथून आलं तिथंच जाईल ना?"

"अहो, औषधाने ते मरतं. कुठे जात नाही."

"मंग पोरीचं मेलं व्हतं का?"

पोरीच्या फिल्मवर काही उरलं नव्हतं, एवढंच मला ठाऊक होतं. मग मी तिच्यावर ओरडले. हा वेडेपणा आहे, तुम्ही मराल, पोरीला पुन्हा पोरकं कराल, असं सगळं बोलले. आवाज इतका चढला की बाहेरच्या बाकावरची माणसं दारात येऊन उभी राहिली. गयाबाईने शांतपणे ऐकून घेतलं.

"डॉक्टरीणबाई, तुमी लय चांगल्या हायेत," ती म्हणाली. "पन तुमच्या लेकीचं असतं तर?"

ती उठून गेली.

पुढचं मला नंतर कळलं. त्या हिवाळ्यात मात्र गुरुजींकडून एवढंच कळत होतं की आक्काच्या फिट आपोआप कमी झाल्यात. मला हायसं वाटलं. मग एके दिवशी निरोप आला की गयाबाई गेली. झटका आला तो थांबलाच नाही. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

मी घरी भेटायला गेले. बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती जळत होती. गुरुजी येणाऱ्या-जाणाऱ्यांत होते. सुजाता मला बघून रडली नाही, बोललीही नाही.

ती बोलली उन्हाळ्यात. परीक्षा झाली होती, नर्सिंगला नाव घातलं होतं. एकटीच क्लिनिकमध्ये आली, दार लावून घेतलं आणि सांगायला लागली.

आत्या गोळ्या घेत नाही म्हणून सुजाताने तिच्या नकळत त्या द्यायला सुरुवात केली होती. कुटून वरणात घालायची. आत्याच्या ताटात वरण वेगळं वाढायची. आत्याचे झटके थांबत आले. आणि इकडे सुजाताचा उजवा हात पुन्हा उडायला लागला.

मी लगेच तो धागा पकडला. खरं सांगते, बुडत्याने धरावा तसा पकडला. "तू स्वतःच्या गोळ्या तिला दिल्यास! तुझ्या बंद पडल्या म्हणून तुझा हात उडाला. साधी गोष्ट आहे."

"नाही मॅडम. माझ्या मी रोज घेत होते. तिच्यासाठी वेगळ्या आणलेल्या, पप्पांनी. तिनं घेतल्या नाहीत, त्याच."

"मग तू कुणाला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर आत्याला कळलं असतं. तिला बरं वाटत होतं ना! चालून बाजारात जायला लागली होती. मी ठरवलं, माझं सोसेन. फक्त तिच्यासमोर उजव्या हाताने काही करायचं नाही. पण एकदा जेवताना घास सांडला. हात ताटावर आपटायला लागला. आत्या बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या ताटातल्या वरणात बोट बुडवून जिभेवर ठेवलं. ताट सरकवलं. त्या दिवसापासून ती स्वतःची भाकरी स्वतः थापायची, आमच्या हातचं पाणीसुद्धा प्यायची नाही."

"आणि तुझा हात?"

"थांबला."

"लगेच?"

"दोन-चार दिवसांत. आणि तिचा सुरू झाला."

बाहेर ट्रक सुरू झाला. मी मनात सगळी पुस्तकं चाळून पाहिली. भीतीने हात उडू शकतो. मनावरच्या ताणाने उडू शकतो. औषध कमी पडू शकतं. एकेकाला काहीतरी उत्तर देता येतं. पण सगळ्यांना मिळून एक उत्तर मला देता आलं नाही.

"मॅडम," सुजाताने विचारलं, "मी पकडली गेले नसते, गोळ्या देत राहिले असते... तर आत्या वाचली असती ना?"

डॉक्टर म्हणून याचं उत्तर हो असं आहे. नक्की हो. पण हो म्हणायचं म्हणजे त्या मृत्यूचं ओझं या पोरीच्या डोक्यावर ठेवायचं. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात तिने पुढचं विचारलं.

"आणि मी?"

मी उठले आणि तिला जवळ घेतलं. ती रडली, आणि तिच्याबरोबर मीही रडले. आमच्या कामात पेशंटसमोर रडायची वेळ सहसा येत नाही. अंधाऱ्या खोलीत बसायचं, फिल्म बघायची, रिपोर्ट लिहून मोकळं व्हायचं.

सुजाता आज मोठ्या हॉस्पिटलात सिस्टर आहे. संसार आहे, हात ठणठणीत आहे. मी तिला पुन्हा स्कॅन करायला कधी सांगितलं नाही, तीही कधी म्हणाली नाही. कड्या कुठून कुठे गेल्या, गेल्या तर कशा गेल्या, मला माहीत नाही. कुणी समंजस वाचक याचा उलगडा करून देणार असेल तर मी ऐकून घेईन. पण तो आधी मला सांगा, सुजाताला नको. कारण उलगडा झाला तर आत्या उगीचच मेली असा त्याचा अर्थ होतो, आणि ते तिला सांगायची हिंमत माझ्यात नाही.